सेकंड लाइफमध्ये थट्टेची भेटवस्तू कशी घडवावी आणि कशी वाटावी : नवागतांसाठी मार्गदर्शन

सेकंड लाइफ हे आभासी जग सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केले. तिथल्या घरापासून पायातल्या चपलेपर्यंत जवळजवळ प्रत्येक वस्तू तिथल्या रहिवाशांनीच घडवलेली आहे. त्यामुळे स्वतः काहीतरी घडवून ते दुसऱ्याला फुकट देणे ही या जगातली जुनी रीत आहे. लिंडेन लॅबचे कर्मचारीसुद्धा आपापल्या नावाचे एक छोटे अस्वल तयार करून मागणाऱ्याला देत आले, आणि ही ‘लिंडेन अस्वले’ हौसेने जमवणारे रहिवासी आजही भेटतात. दर जूनमध्ये या जगाचा वाढदिवस साजरा होतो, तेव्हा मांडणीदार आपल्या दालनात भेटींची पेटी ठेवतात. थट्टेची भेटवस्तू याच परंपरेतली आहे. ती मोठ्या थाटात, ‘अत्यंत दुर्मीळ’ म्हणून हाती पडते आणि उघडून पाहिल्यावर तिच्यातली गंमत कळते.

अशी वस्तू घडवायला फार तर एक संध्याकाळ लागते. नवा माणूस अडतो तो तिच्या परवानग्यांपाशी आणि वाटपापाशी, म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर अधिक भर दिला आहे. माझी एकच अट आहे आणि पुढची प्रत्येक पायरी मी तिच्या कसोटीवर घासून पाहिली आहे : भेट घेणाऱ्यालाही हसू आले पाहिजे, आणि त्याला ती नको असेल तर कोणाचीही मदत न घेता, लगेच ती दूर करता आली पाहिजे. ही अट सुटली की मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही.

उदाहरणादाखल आपण एक साधा दगड घेऊ. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या गॅरी डाल नावाच्या जाहिरातदाराने समुद्रकाठचे गोटे ३.९५ डॉलरला एक या दराने ‘पाळीव दगड’ म्हणून विकले होते. गोटा गवताच्या गादीवर ठेवलेला असे, खोक्याला हवेसाठी भोके पाडलेली असत आणि सोबत दगडाची निगा कशी राखावी याची पुस्तिका असे. लोकांनी पैसे मोजले ते त्या पुस्तिकेतल्या विनोदासाठी. आपली वस्तूही अशीच ठेवायची आहे : दिसायला सामान्य, आणि सोबतच्या कागदात व बोलण्यात गंमत.

पहिली तयारी : खाते आणि जागा

सेकंड लाइफचे साधे खाते फुकट मिळते, आणि वस्तू घडवण्यासाठी तेवढे पुरते. शक्य असेल तर सुरुवातीलाच आणखी एक खाते उघडून ठेवावे. एका व्यक्तीने एकाहून अधिक खाती ठेवायला तिथे मनाई नाही, आणि आपण दिलेली भेट घेणाऱ्याला नेमकी कशी दिसते हे पाहण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही. ‘व्ह्यूअर’ म्हणजे त्या जगात शिरण्याचा प्रोग्रॅम. तो लिंडेन लॅबचा अधिकृत घ्यावा किंवा अनुभवी मंडळींचा आवडता फायरस्टॉर्म घ्यावा. दोन्हींत कंट्रोल आणि बी या कळा एकत्र दाबल्या की घडवण्याची खिडकी उघडते.

स्वतःची जमीन नसेल तर घडवण्याचे काम ‘सँडबॉक्स’मध्ये करावे. ही सर्वांसाठी मोकळी सोडलेली मैदाने आहेत. तिथे मांडलेली वस्तू ठरावीक वेळानंतर आपोआप मालकाकडे परत पाठवली जाते. अशी परत आलेली वस्तू ‘लॉस्ट अँड फाउंड’ या कप्प्यात जाऊन पडते. जेवायला उठून परत यावे तर दगड गायब, असे झाल्यास आधी तिथे पाहावे. काम थांबवताना वस्तूवर उजवी टिचकी मारून ‘टेक’ म्हणावे आणि ती आपल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे खात्यातल्या सामानाच्या कोठारात, घ्यावी, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

दगड घडवणे

घडवण्याच्या खिडकीत गोल आकाराचा प्रिम, म्हणजे घडवणीचा मूळ ठोकळा, निवडून जमिनीवर टिचकी मारली की एक गोळा उभा राहतो. त्याची लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी करावी. साधारण वीस, सोळा आणि अकरा सेंटिमीटर अशी मापे दिली की गोळ्याचा नदीकाठचा गोटा होतो. रूप देण्यासाठी चित्र बाहेरून आणण्याची गरज नाही, कारण इन्व्हेंटरीतल्या ‘लायब्ररी’ या विभागात दगडामातीची टेक्श्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे, फुकट दिलेली असतात. एकच प्रिम वापरल्याने जमिनीच्या क्षमतेवरही त्याचा नगण्य भार पडतो, आणि भेट घेणारा तो आपल्या घरात निर्धास्तपणे ठेवू शकतो.

नाव देताना मराठी माणसाने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. वस्तूचे नाव रोमन लिपीतल्या साध्या अक्षरांतच, तेही ६३ अक्षरांच्या आत द्यावे लागते. देवनागरीत लिहिले तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. गप्पांमध्ये आणि नोटकार्डात, म्हणजे वस्तूसोबत देता येणाऱ्या मजकुराच्या चिठ्ठीत, देवनागरी चालते, पण मात्रा आणि जोडाक्षरे प्रत्येक व्ह्यूअरमध्ये नीट बसतातच असे नाही. म्हणून ज्या मजकुरावर सारी गंमत अवलंबून आहे, तो मजकूर चित्र म्हणून तयार करावा हे उत्तम. आपल्या दगडाचे ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ मी असेच केले. संगणकावर कोणत्याही चित्रप्रोग्रॅममध्ये १०२४ गुणिले ५१२ या मापाचा कागद घेतला, त्यावर महिरपीची चौकट काढली, मजकूर टाइप केला आणि चित्र सेकंड लाइफमध्ये चढवले. असे एक चित्र चढवायला १० लिंडेन डॉलर (हे त्या जगाचे चलन) लागतात, म्हणजे अमेरिकी चलनात पाच सेंटसुद्धा नाहीत. या साऱ्या उपक्रमात होणारा खर्च काय तो एवढाच.

प्रमाणपत्राचा मजकूर गंभीर कार्यालयीन भाषेत लिहावा, कारण विषय फालतू आणि भाषा सरकारी असली की गंमत आपोआप येते. माझ्या प्रमाणपत्रात एवढेच आहे : ‘सदर दगड तपासण्यात आला असून तो दगडच असल्याची खात्री करण्यात आली आहे. धारकाने दगडास दररोज जागेवरून हलवू नये. तो स्वतःही हलणार नाही. दगड हरवल्यास त्याच्यासारखा दुसरा उचलण्यास हरकत नाही.’ या चार वाक्यांत कोणाची जात, गाव, रूप, बोली किंवा इंग्रजी यांची टवाळी नाही, आणि ती कधीही येऊ देऊ नये. या जगात समोरचा अवतार, म्हणजे पडद्यावर वावरणारी आकृती, कोणाचा आहे, कोणत्या मनःस्थितीत आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. दगडाची थट्टा मात्र कोणालाच बोचत नाही.

दगडाला बोलते करणे

वस्तूत हालचाल आणि बोलणे आणण्यासाठी तिच्या ‘कंटेंट’ या कप्प्यात स्क्रिप्ट घालतात. तिची भाषा लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेज, बोलीत एलएसएल. ‘न्यू स्क्रिप्ट’ या बटणावर टिचकी मारली की तयार नमुना मिळतो : वस्तू सुरू होताच इंग्रजीत ‘हॅलो, अवतार!’ म्हणते आणि तिला स्पर्श केला की ‘टच्ड’ म्हणते. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसानेही या नमुन्यातले दोन शब्द बदलून सुरुवात करावी, भीती जाते.

या नमुन्यातली एक गोष्ट मात्र लगेच बदलावी. तो ज्या आज्ञेने बोलतो, ती आज्ञा आसपासच्या २० मीटरमधल्या सर्वांना ऐकू जाते. एखाद्याने दगड दिवाणखान्यात ठेवला आणि तो दर काही मिनिटांनी पाहुण्यांसमोर बडबडू लागला, तर पहिल्या दिवशी हसू येईल आणि दुसऱ्या दिवशी वैताग. एलएसएलमध्ये फक्त मालकालाच ऐकू जाईल अशी स्वतंत्र आज्ञा आहे, ती वापरावी. बोलण्याचे अंतर किमान एका तासाचे ठेवावे. माझा दगड तासाने एकदा सांगतो : ‘आज मी हललो नाही.’ कधी म्हणतो, ‘कालच्यापेक्षा आज अधिक स्थिर वाटते आहे.’ अशी सहासात वाक्ये आलटून पालटून आली की पुरे.

त्याला गप्प करण्याची सोय दगडातच असली पाहिजे, आणि ती पहिल्याच स्पर्शाला सापडली पाहिजे. मालकाने दगडाला हात लावला की एक छोटी पाटी उघडावी, तिच्यावर एक बटण असावे आणि ते दाबल्यावर दगड कायमचा गप्प व्हावा. पाटी उघडण्यापूर्वी हात लावणारा मालकच आहे का हे स्क्रिप्टने तपासावे, नाहीतर कोणताही वाटसरू दुसऱ्याच्या दगडाचे तोंड बंद करून जाईल.

या बटणापाशी मी बराच वेळ अडकलो होतो, म्हणून ते सविस्तर सांगतो. बटणावर मला ‘शांत राहा’ असे लिहायचे होते आणि स्क्रिप्ट दर वेळी चूक दाखवून थांबत होती. कारण शोधताना कळले की बटणावरच्या मजकुराला २४ बाइटची मर्यादा आहे. रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, पण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि इथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘शांत’ या शब्दात श, काना, अनुस्वार आणि त अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. मधली मोकळी जागा १ बाइट. ‘राहा’ची चार चिन्हे पुन्हा १२ बाइट. एकूण २५. एका बाइटने घोडे अडले होते. ‘गप्प बस’ असे लिहिले तेव्हा १९ बाइट झाले आणि बटण सुरळीत चालू लागले. हाच हिशेब इतरत्रही लागू पडतो. वस्तू एका वेळी जास्तीत जास्त १,०२४ बाइट बोलू शकते, म्हणजे देवनागरीची सुमारे ३४० चिन्हे. वस्तूच्या डोक्यावर तरंगणाऱ्या मजकुराला २५४ बाइट मिळतात, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हे. इंग्रजीतले नमुने पाहून वाक्ये लिहिली तर मराठीत ती मध्येच तुटतात.

तरंगणारा मजकूर मी स्वतः टाळतो. तो स्क्रिप्टने लावला तरी एकदा लागला की वस्तूचाच गुण बनून राहतो. नंतर स्क्रिप्ट काढून टाकली तरी मजकूर तसाच राहतो. पुसण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. नवख्या माणसाच्या घरात डोक्यावर मजकूर असलेला दगड ठेवून आपण निघून गेलो, तर ते पुसायचे कसे हे त्याला कोण सांगणार?

परवानग्या

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. प्रत्येक वस्तूच्या ‘जनरल’ या कप्प्यात ‘नेक्स्ट ओनर’ म्हणजे पुढच्या मालकासाठी तीन खुणा असतात : बदल करण्याची परवानगी, प्रत काढण्याची परवानगी आणि दुसऱ्याला देण्याची परवानगी. प्रत आणि हस्तांतर या दोन्ही एकाच वेळी बंद करता येत नाहीत. प्रत बंद केली की हस्तांतर खुले ठेवावेच लागते. आपली वस्तू संग्राह्य होणार की केवळ फुकट वाटलेली होणार, हे या दोन खुणांवर ठरते.

प्रत खुली आणि हस्तांतर बंद ठेवले, तर प्रत्येकाकडे स्वतःचा दगड राहतो, तो हवे तितके दगड मांडू शकतो, पण कोणाला देऊ शकत नाही. यात हरवण्याची भीती नाही. गंमत मात्र एका माणसापाशीच थांबते. उलट, प्रत बंद आणि हस्तांतर खुले ठेवले, तर दगड खराखुरा एकमेव होतो : मालकाने तो दुसऱ्याला दिला की त्याच्याकडून जातो, आणि हातोहात फिरू लागतो. संग्रह करण्यासारखी वस्तू हवी असेल तर मी हाच पर्याय सुचवेन. त्याची किंमतही सांगितली पाहिजे. असा दगड चुकून कायमचा पुसला गेला तर परत मिळत नाही, म्हणून नोटकार्डात तसे स्पष्ट लिहावे.

बदलाची परवानगी बहुतेक जण सवयीने बंद ठेवतात. थट्टेच्या वस्तूत ती खुली ठेवावी असे माझे ठाम मत आहे. भेट घेणाऱ्याला दगड लहान करता यावा, त्यातली स्क्रिप्ट काढून टाकता यावी, नाव बदलता यावे. आपली खोडी कितीही निरुपद्रवी असली तरी तिच्यावरचा शेवटचा अधिकार त्याचा आहे. घडवणाऱ्याचे नाव तरीही जात नाही. ‘क्रिएटर’ या रकान्यात ते कायम राहते, आणि संग्राहक अस्सलपणा तिथेच पाहतात.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की दगडाच्या पोटात ठेवलेल्या स्क्रिप्टच्या आणि प्रमाणपत्राच्या स्वतःच्या परवानग्या असतात, आणि आतल्या एखाद्या वस्तूला हस्तांतराची मनाई असेल तर सगळा दगडच हस्तांतरास अपात्र ठरतो. म्हणून आधी आतल्या प्रत्येक वस्तूच्या खुणा लावाव्यात, मग बाहेरच्या. दुसरा असा की इन्व्हेंटरीत पडून असलेल्या वस्तूच्या परवानग्या बदलल्या तर त्या तत्काळ पक्क्या होत नाहीत. वस्तू एकदा जमिनीवर मांडून पुन्हा उचलावी लागते. ही पायरी चुकवून पन्नास दगड वाटले आणि नंतर लक्षात आले, तर दिलेले दगड परत मागवण्याचा कोणताही मार्ग नाही. दुसरे खाते उपयोगी पडते ते इथे. एक दगड त्या खात्याला द्यावा, तिथून त्याचे गुणधर्म पाहावेत, मांडावा, बोलू द्यावा, गप्प करावा, आणि शेवटी फेकूनही पाहावा.

वाटपाची पेटी

भेट कोणाच्या अंगावर टाकू नये. ती मागणाऱ्याने घ्यावी. अनोळखी अवतारांना एकामागून एक वस्तू पाठवत सुटणे हा उपद्रव आहे, आणि समोरच्याच्या पडद्यावर येणाऱ्या सूचनेत स्वीकार, नकार यांच्या शेजारीच पाठवणाऱ्याला कायमचे रोखण्याचे बटणही असते. म्हणून एक पेटी ठेवावी आणि लोकांनी तिच्यापाशी येऊन भेटवस्तू घ्यावी.

सर्वांना सारखाच, प्रत काढता येणारा दगड द्यायचा असेल तर स्क्रिप्टची गरजच नाही. दगड आणि नोटकार्ड पेटीत ठेवावे, पेटी ‘विक्रीस’ ठेवावी, किंमत शून्य लिहावी आणि ‘काय विकायचे’ या प्रश्नाला ‘कंटेंट्स’ म्हणजे आतल्या वस्तू, हे उत्तर द्यावे. हा पर्याय दोनदा तपासावा. त्याच यादीत ‘ओरिजिनल’ हाही पर्याय असतो, आणि पहिल्या खेपेला माझ्याकडून तोच निवडला गेला. शून्य लिंडेन डॉलर भरून पहिल्याच पाहुणीने टिचकी मारली आणि पेटी जागच्या जागी तिच्या मालकीची झाली. तिने ती मला लगेच परत दिली हे तिचे चांगुलपण; पण पेटीतल्या दगडांना तोवर ‘पुढच्या मालका’च्या परवानग्या लागून गेल्या होत्या, त्यामुळे सगळे दगड मला नव्याने भरावे लागले.

क्रमांक घातलेले, एकेक दगड द्यायचे असतील तर पेटीत वाटपाची स्क्रिप्ट लागते : कोणी हात लावला की यादीतला पहिला दगड त्याला द्यायचा. इथे नवागताची हमखास चूक होते, कारण तिच्यामागचे तर्कशास्त्र आधी उलटे वाटते. प्रत बंद ही अट पुढच्या मालकासाठी आहे. घडवणारा या नात्याने आपल्याकडचा दगड अजून प्रत काढता येणाराच असतो. त्यामुळे स्क्रिप्ट पाहुण्याला दगडाची प्रत देते आणि मूळ दगड पेटीतच राहतो. पुढच्या पाहुण्यालाही तोच क्रमांक एक मिळतो, त्यापुढच्यालाही तोच, आणि ‘एकमेव’ म्हणून दिलेल्या पहिल्या क्रमांकाचे दहा मालक होतात. यासाठी देऊन झालेला दगड स्क्रिप्टने पेटीतून काढून टाकावा. फक्त मोजणी पुढे सरकवून भागत नाही, कारण स्क्रिप्ट काही कारणाने नव्याने सुरू झाली तर मोजणी शून्यावर येते. काढून टाकलेला दगड मात्र परत येत नाही. कोणी किती दगड घेतले याची यादीही स्क्रिप्टने ठेवावी, म्हणजे एकच माणूस सारी पेटी रिकामी करणार नाही.

याच कारणामुळे दुर्मीळपणा हा सेकंड लाइफमध्ये शेवटी घडवणाऱ्याच्या शब्दावर उभा असतो. माझ्या इन्व्हेंटरीत मूळ दगड आहे आणि मी उद्या आणखी हजार काढू शकतो. मला अडवणारी कोणतीही यंत्रणा नाही. प्रमाणपत्रावर पन्नास असे छापले असेल तर एक्कावन्नावा दगड काढू नये. थट्टेच्या वस्तूत बाकी सगळे गमतीचे असले तरी हा आकडा खरा ठेवावा.

काही माणसांना वाटते की भेट कोणाला कोणती मिळेल हे नशिबावर सोडावे. फुकट वाटपात ते चालते. पैसे घेऊन नशिबावर वस्तू देण्याची ‘गाचा’ पद्धत मात्र लिंडेन लॅबने ऑगस्ट २०२१ अखेर बंद केली आहे, त्यामुळे एक लिंडेन डॉलर घेऊनसुद्धा तसे करू नये.

दिवस आणि वेळ

एक एप्रिल हा या कामाचा स्वाभाविक दिवस. सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार चालते, आणि एप्रिलमध्ये आपण त्या घड्याळाच्या साडेबारा तास पुढे असतो. भारतातून एक एप्रिलच्या सकाळी नऊला पेटी मांडली तर तिथे अजून ३१ मार्चची रात्र असते आणि गंमत वाया जाते. तिथला एक एप्रिल आपल्याकडे त्या दिवशी दुपारी साडेबाराला उजाडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मावळतो. पेटी त्या चोवीस तासांत ठेवावी. ती आपल्या जमिनीवर, किंवा जमीनमालकाची आधी विचारून परवानगी घेतलेल्या जागी असावी.

जे करू नये

सेकंड लाइफच्या सामुदायिक नियमांत त्रास देणे, हल्ला करणे आणि शांतताभंग करणे यांना स्पष्ट मनाई आहे. माणसाच्या मागे मागे फिरणाऱ्या वस्तू, आपोआप स्वतःच्या प्रती काढणाऱ्या वस्तू, पुन्हा पुन्हा वाजणारे आवाज आणि नको असलेल्या जाहिरातींचा मारा हे सारे त्यात येते. हे नियम उगाच आलेले नाहीत. नोव्हेंबर २००६ मध्ये कोणीतरी सोन्याच्या फिरत्या कड्या या जगात सोडल्या होत्या. लोक कुतूहलाने त्यांना हात लावत आणि कड्या आणखी वाढत. अखेर सर्व्हर इतके जड झाले की लिंडेन लॅबला काही काळ बाहेरच्यांना प्रवेश बंद करून साफसफाई करावी लागली. सोडणाऱ्याच्या दृष्टीने कदाचित तीही थट्टाच असेल. म्हणून आपल्या दगडाने कधीही दुसरा दगड काढू नये, इतका निर्बंध पहिल्यापासून पाळावा.

दुसरी गोष्ट परवानगीच्या पाट्यांची. स्क्रिप्ट मालकाकडून वेगवेगळ्या परवानग्या मागू शकते, आणि त्यात त्याच्या खात्यातून लिंडेन डॉलर काढण्याची परवानगीही असते. थट्टेच्या वस्तूने ती कोणत्याही कारणाने मागू नये, ‘गंमत म्हणून’ घाबरवण्यासाठीही नाही. नवागत वाचक स्वतः भेट घेणाऱ्याच्या बाजूला असेल तर त्यानेही हेच लक्षात ठेवावे : फुकट मिळालेल्या वस्तूने पैसे काढण्याची परवानगी मागितली तर नकार द्यावा, वस्तू पुसावी, आणि ती कोणी दिली याची नोंद ठेवावी.

सोबतचे नोटकार्ड

कोकणात शिमग्याला संकासुराचे सोंग दारात येते तेव्हा लहान मुले घाबरतात, पण सोंगाच्या आत कोण आहे हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असते, आणि त्या भरवशावरच तो खेळ चालतो. आभासी जगात हा भरवसा आपोआप मिळत नाही. तो नोटकार्डाने द्यावा लागतो. त्यात पहिल्याच ओळीत ही एक थट्टा आहे हे सांगावे, आपल्या अवताराचे नाव द्यावे, दगड गप्प कसा करायचा, कसा फेकायचा आणि तक्रार असेल तर कोणाला संदेश पाठवायचा हे चार वाक्यांत लिहावे. गंमत उघड होईल ही भीती बाळगू नये, कारण लोक आधी दगड मांडतात आणि नोटकार्ड नंतर वाचतात. एखाद्याने तक्रार केलीच तर वाद न घालता माफी मागावी आणि दगड पुसण्याची पद्धत पुन्हा समजावून सांगावी. पुसलेली वस्तू ‘ट्रॅश’मध्ये जाते आणि तो कप्पा रिकामा केला की कायमची नाहीशी होते, हेही सांगावे.

माझ्या पन्नास दगडांपैकी सतरावा दगड आता चौथ्या मालकाकडे आहे. प्रत्येकाने त्याचे नाव थोडे थोडे बदलले आहे, एकाने तो गुलाबी केला आहे, आणि सध्याच्या मालकिणीने त्याला पुस्तकांच्या फळीवर ठेवून त्याच्यासमोर एक इवलीशी खुर्ची मांडली आहे. हे मला कळले कारण तिने क्रिएटरच्या रकान्यातले नाव पाहून संदेश पाठवला. असे संदेश येतात तेव्हा उत्तर द्यावे, दगड कोणत्या वर्षी वाटला आणि किती होते ते सांगावे. संग्राहकाला तेवढी माहिती हवी असते. आणि पन्नासावा दगड गेला की पेटी लगेच उचलावी, म्हणजे उशिरा आलेला पाहुणा रिकाम्या पेटीला हात लावत ताटकळत उभा राहणार नाही.